टोर्मोदचा दोर

बॅरोमीटरच्या काचेवर टिचकी मारली
तर काटा चोरासारखा आणखी खाली सरकला.
रेडिओवरच्या बाईनं आमच्या यूइस्ट बेटाचं नाव घेतलं,
सावकाश, जसं डॉक्टर
रिपोर्ट वाचण्याआधी पेशंटचं नाव घेतात.

उद्याची बोट रद्द. परवाचीही.
दुकानात पावाची फळी रिकामी.
रुआरी म्हणाला, बीटच्या बाटल्या तेवढ्या उरल्यात,
पण बीट खाऊन कुणी वादळ काढल्याचं ऐकलं नाही, आजी.
मी दोन घेतल्या.

मग दिवसभर बांधाबांध.
बांधायला घेतलं की कळतं
किती वस्तू नुसत्या सवयीनं जागेवर असतात:
कचऱ्याचा डबा, बाक, शिडी,
नातवंडांचं ट्रॅम्पोलीन, जे मागच्या खेपेला
खाडीपलीकडच्या कब्रस्तानात सापडलं होतं,
उताणं, कुणा कप्तानाच्या थडग्यावर.
बाथटब पाण्यानं भरला; वीज गेली की पंप गेला.
गाडी वाऱ्याकडे नाक करून लावली.
दलदलीतून काढलेल्या मातीच्या वाळक्या विटा
दोन रात्रींच्या हिशेबानं शेगडीपाशी रचल्या.

आभाळ साळसूद. धूर सरळ वर.
फक्त गाई भिंतीआड उभ्या,
कुणी न सांगता, अटलांटिककडे पाठ करून.

खुराड्याचं छप्पर तेवढं राहिलं.
माझी बोटं आता दोराला ओळखत नाहीत.

टोर्मोद आला तेव्हा तीन वाजून गेले होते,
जानेवारीत म्हणजे उजेडाचा शेवट.
अकरा वर्षं आमचा अबोला.
कारण एक मेंढा, आणि कुंपणाच्या चार खांबांची जागा.
चर्चमध्ये तो डावीकडे, म्हणून मी उजवीकडे.
त्याची बायको गेली तेव्हा मी सूप पाठवलं,
त्याच्या बहिणीच्या हातून.
पातेलं माझ्या फाटकाला टांगलेलं मिळालं,
धुतलेलं, पुसलेलं,
तळाची काजळीसुद्धा घासून काढलेली.

खांद्यावर मासेमारीचा निळा दोर.
माझ्याकडे न बघता, छपराला म्हणाला,
"हे उडालं तर माझ्या खिडकीत येईल."
खोटं नव्हतं. नैर्ऋत्येचा वारा
माझ्याकडून त्याच्याकडेच जातो.

मी दुसरं टोक धरलं.
मध्ये पत्रा, पत्र्याखाली कोंबड्यांची कुरकुर.
सुरगाठ मार, मी म्हणाले, सोडायला सोपी.
तो निरगाठच मारत राहिला, दातांनी आवळत.
"सोडायचं सकाळी बघू."
चहा विचारायला तोंड उघडलं
तर तोंडात पहिली झुळूक शिरली, खारट.
मिटेपर्यंत तो फाटकाबाहेर.

रात्री ते आलं.
घर आधी कण्हलं, मग गप्प झालं;
गप्प झालं तेव्हा मी घाबरले.
धुराड्याच्या तोंडावर कुणी
रिकाम्या बाटलीत फुंकावं तसं फुंकत होतं.
दारं-खिडक्या बंद, आणि टबातल्या पाण्यावर
लाटा.
दोनच्या सुमारास वारा वायव्येला फिरला,
म्हणजे आता त्याच्याकडून माझ्याकडे.
पलीकडच्या काळोखात टॉर्च लागला, विझला,
पुन्हा लागला, विझला.
काही शोधत असेल. खुणा करणारा माणूस नव्हे तो.
तरी मी माझा लावला. दोनदा.
मग बॅटरी वाचवायला बंद केला,
निदान स्वतःला तसं सांगितलं.

सकाळी बाक नव्हता. शिडी नव्हती.
त्याच्या कोठाराचा अर्धा पत्रा माझ्या बटाट्यांच्या वाफ्यात.
कुंपण मात्र जसंच्या तसं,
चारही खांब, निर्लज्ज.

खुराडंही जागेवर. पण काल अंधारात त्यानं
दोर दारावरूनच घेतला होता,
आणि गाठ रात्रभर भिजून दगड झालेली.
आत कोंबड्यांनी कल्ला मांडलेला.
मी सुरी आणली.
चांगला दोर होता, नवा.
सुरी परत ठेवली, बीटच्या बाटलीशेजारी,
आणि कुंपणापाशी जाऊन
घसा खाकरला.